क्रूझ कंट्रोल गोव्यात : कसं चालतं, कसं लावायचं, कुठे बंद ठेवायचं

नवी गाडी घरी आली की पहिले काही दिवस सगळं लक्ष टचस्क्रीन आणि सनरूफवर असतं. स्टिअरिंगवरच्या क्रूझच्या बटणांची ओळख शोरूमच्या आवारात दोन मिनिटांत उरकलेली असते. पुढे काहीजण त्या बटणांना कधी हातच लावत नाहीत, तर काहीजण पत्रादेवीला क्रूझ लावतात ते मडगाव येईपर्यंत काढायचं नाव घेत नाहीत. पहिल्यांचं फारसं काही बिघडत नाही. दुसऱ्यांची मात्र मला खरोखर काळजी वाटते. आपल्या हायवेवर आडवी बसलेली गाय, राँग साइडने येणारी स्कूटर आणि अर्धा रस्त्यात उभा केलेला ट्रक हे सगळं एकाच किलोमीटरमध्ये भेटू शकतं, आणि त्यातलं बरंचसं गाडीच्या यंत्रणेला नीट दिसत नाही.

एवढं आधी पक्कं करून घ्या. साधं क्रूझ वेग धरून ठेवतं. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ वेगासोबत पुढच्या गाडीपासूनचं अंतरही राखतं. बाकीचा रस्ता तुमच्याकडे.

साधं क्रूझ आत काय करतं

आजच्या बहुतेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरचा पेडल आणि इंजिन यांच्यात तार नसते. पेडल किती दाबलाय हे सेन्सर सांगतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर तो आकडा वाचतो आणि एक छोटी मोटर थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप तेवढी उघडते. डिझेल गाडीत ईसीयू त्या हिशेबाने इंधन सोडतो. क्रूझ लावलं की ईसीयू तुमच्या पायाऐवजी सेट केलेल्या वेगाकडे बघून हेच काम करतो. गाडीचा खरा वेग त्याला चाकांवरच्या सेन्सरकडून कळतो, बहुतेक गाड्यांत एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी बसवलेल्या सेन्सरकडूनच.

समजा ८० सेट केलंय आणि बांबोळीचा चढ लागला. वेग ७८ वर आला की ईसीयू थ्रॉटल थोडा जास्त उघडतो. नुसता दोनच्या फरकाइतका उघडून थांबला, तर पूर्ण चढभर गाडी ७८-७९ वरच अडकून राहील. म्हणून तो फरक किती वेळ टिकून आहे याचाही हिशेब ठेवला जातो आणि थ्रॉटल हळूहळू वाढवला जातो. चांगल्या जुळणीच्या गाडीत हे इतकं अलगद होतं की मागे बसलेल्यांना समजतही नाही. जुन्या गाड्यांत हेच काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा डबा आणि केबल करायची.

या कल्पनेमागे अमेरिकन इंजिनिअर राल्फ टीटर होते. लहानपणी अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आपल्या वकिलाच्या गाडीत बसलं की तो बोलताना वेग कमी करतो आणि ऐकताना वाढवतो, या गचक्यांना कंटाळून त्यांनी हे यंत्र करायला घेतलं असं सांगतात. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या गाड्यांत ते विकायला आलं. वेग एकसारखा ठेवणं हाच त्यामागचा हेतू होता, आणि साध्या क्रूझचं काम अजूनही तेवढंच आहे.

एक महत्त्वाची मर्यादा उताराची. साधं क्रूझ बहुतेक गाड्यांत ब्रेकला हात लावत नाही. थ्रॉटल पूर्ण मिटला की त्याचं काम संपलं. मोठ्या उतारावर ८० सेट केलेली गाडी आरामात ९० च्या पुढे जाते आणि मीटरवर क्रूझचा हिरवा दिवा तसाच चालू असतो. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना क्रूझ बंद आणि खालचा गिअर, दुसरा पर्याय नाही.

बटणं, क्रमाने

पहिल्यांदा शिकायला मोकळा, कोरडा, सरळ रस्ता आणि पहाटेची वेळ निवडा. धारगळहून मोपा विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता चांगला, काणकोणचा बायपासही चांगला. शेजारी गाडी चालवता येणारं कुणीतरी बसलेलं असू द्या, म्हणजे मीटरकडे त्यांनी बघायचं आणि रस्त्याकडे तुम्ही.

आधी क्रूझचं मुख्य बटण दाबा. मीटरवर पांढरं किंवा राखाडी चिन्ह येईल. याचा अर्थ यंत्रणा तयार आहे, अजून तिने काहीही हातात घेतलेलं नाही. आता नेहमीसारखं पायाने गाडी ६० वर न्या आणि ‘सेट’ दाबा. चिन्ह बहुधा हिरवं होईल आणि शेजारी ६० आकडा दिसेल. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला. वेग टिकला तर क्रूझ लागलं. बऱ्याच गाड्यांत साधं क्रूझ साधारण ३० ते ४० च्या खाली लागतच नाही, त्यामुळे गल्लीत प्रयत्न करून बटण बिघडलं म्हणू नका.

मग प्लस-मायनस वापरून बघा. एकदा टिचकी मारली की बहुधा एक किलोमीटरने बदल होतो, दाबून धरलं की पाच किंवा दहाच्या टप्प्याने. कुणाला ओव्हरटेक करायचं असेल तर क्रूझ काढायची गरज नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबा, पुढे जा, पाय उचला, गाडी आपोआप ६० वर येईल.

शेवटी बंद करायचे सगळे मार्ग करून बघा, आणि हे टाळू नका. ब्रेकला नुसता पाय लावा, क्रूझ सुटायला हवं. ‘कॅन्सल’ दाबा, सुटायला हवं. मॅन्युअल गाडीत क्लच दाबून बघा. ब्रेक लावल्यावरही क्रूझ सुटत नसेल तर ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये दोष असू शकतो. ती गाडी आधी वर्कशॉपला न्या, क्रूझ नंतर.

‘रिझ्यूम’ हे सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोक्याचं बटण. ते शेवटचा सेट केलेला वेग लक्षात ठेवतं. झुआरी पुलावर ८० वर होता, कुठ्ठाळीला गर्दी लागली, ब्रेक मारून ४० वर आलात. तिथे रिझ्यूम दाबलं की गाडीला आठवतात ते ८० आणि ती तिथेच जोर लावते. माझा साधा नियम असा: रस्ता आधीसारखाच असेल तरच रिझ्यूम, रस्ता बदलला असेल तर आताच्या वेगाला नव्याने सेट.

काही गाड्यांत शेजारीच स्पीड लिमिटरचं बटण असतं, चिन्हही मिळतंजुळतं. लिमिटर वेग धरत नाही, फक्त वरची मर्यादा घालतो, पाय पेडलवर ठेवावाच लागतो. म्हापसा-पर्वरी-पणजी अशा रोजच्या जा-ये साठी मला लिमिटर क्रूझपेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो. फलकावरची मर्यादा घालून ठेवायची आणि मीटरकडे बघत बसायचं नाही.

मॅन्युअलवाल्यांसाठी एवढंच: चढावर इंजिन रडायला लागलं तर क्रूझ तुमच्यासाठी गिअर बदलणार नाही. क्लच दाबून खालचा गिअर टाका आणि पुन्हा सेट करा.

अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये काय वेगळं

१९९५ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये लेझरने अंतर मोजणारी गाडी आणली. ती फक्त थ्रॉटल कमी करायची आणि गिअर उतरवायची, ब्रेक लावत नव्हती. १९९९ च्या सुमारास मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये रडारवर चालणारी आणि ब्रेकही लावणारी यंत्रणा आली. सर्वसामान्यांच्या आवाक्यातल्या गाड्यांत ती आपल्याकडे २०२१ मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० पासून दिसायला लागली, आणि आता वर्ना, क्रेटा, सेल्टॉस, हॅरिअर अशा कितीतरी गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये मिळते.

रडार बहुधा पुढच्या बंपरच्या जाळीत किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतं. ते साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं. लहर परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, आणि परत आलेल्या लहरीच्या बदललेल्या वारंवारितेवरून पुढची गाडी किती वेगाने जवळ येतेय ते कळतं. तुम्ही ८०, पुढचा टेम्पो ५०, तर रडारच्या दृष्टीने तो ताशी ३० ने तुमच्याकडे येतोय. जोडीला आरशामागे, काचेच्या आतल्या बाजूला कॅमेरा असतो. समोरची वस्तू गाडी आहे की माणूस आणि लेनचे पट्टे कुठे आहेत, हे तो ओळखतो. होंडा सिटीच्या हायब्रिड मॉडेलसारख्या काही गाड्या रडार न वापरता फक्त कॅमेऱ्यावर चालतात. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते मॅन्युअल उघडून बघाच, कारण पावसात आणि रात्री दोन्हींचं वागणं वेगळं असतं.

अंतर मीटरमध्ये नव्हे, सेकंदात राखलं जातं. बटणाने तीन किंवा चार टप्पे निवडता येतात, साधारण एक सेकंदापासून अडीच सेकंदांपर्यंत. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे एक सेकंदाच्या टप्प्यावर तुमच्यात आणि पुढच्या गाडीत जेमतेम २२ मीटर, दोन सेकंदांवर ४४. पडताळायचं असेल तर पुढची गाडी दिव्याच्या खांबाजवळून गेली की सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. दुसरा आकडा पूर्ण होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी आहे.

गोव्यात सगळ्यात लांबचा टप्पा ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. हो, त्या जागेत कुणीतरी कट मारून घुसेल. गाडी हळूच मागे सरकेल, पुन्हा अंतर पाडेल, पुन्हा कुणी घुसेल. त्यात तुमची दोन-चार मिनिटं जातील. त्या जागेतच तुमची सुरक्षितता आहे, ती घुसणाऱ्यावरच्या रागापायी कमी करू नका.

ब्रेकबद्दलही स्पष्ट असावं. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ ब्रेक लावतं, पण सौम्य. तुम्ही जीव तोडून ब्रेक दाबल्यावर जो जोर लागतो, त्याच्या साधारण एक-तृतीयांश धरा. त्याहून जास्त लागणार असं दिसलं तर मीटरवर लाल सूचना येते आणि बीप वाजतो. त्याचा अर्थ एकच, आता पाय टाका. अपघाताच्या क्षणी जोरात ब्रेक मारणारी आपत्कालीन ब्रेकिंगची यंत्रणा निराळी असते. ती क्रूझ बंद असतानाही जागी राहते आणि अनेकदा धडक पूर्ण टाळण्याऐवजी तिचा जोर कमी करण्यापुरतीच पुरते.

‘स्टॉप अँड गो’ असलेली गाडी पुढच्यामागे पूर्ण थांबते. दोन-तीन सेकंदांत पुढचा हलला तर बहुतेक गाड्या आपोआप निघतात, जास्त वेळ गेला तर रिझ्यूम किंवा अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श करावा लागतो. पर्वरीच्या कोंडीत हे सुखाचं वाटतं खरं. पण निघताना तुमच्या आणि पुढच्या बसच्या मधून कुणी पायी रस्ता ओलांडतोय का, ते तुम्हीच बघायचं.

जे दिसत नाही ते

हा भाग सावकाश वाचा.

धावत्या गाडीच्या रडारला रस्त्यावरची प्रत्येक स्थिर वस्तू तुमच्याच वेगाने तुमच्याकडे येताना दिसते. दुभाजक, फलकाची कमान, उड्डाणपुलाचा खांब, गटाराचं लोखंडी झाकण, सगळंच. प्रत्येकाला बघून ब्रेक लावला तर गाडी चालवताच येणार नाही. म्हणून बऱ्याच यंत्रणा जास्त वेगात, आधीपासून स्थिर असलेल्या वस्तूंना फारसं महत्त्व देत नाहीत. नव्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या मदतीने हे सुधारलंय, पण बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये थांबलेल्या वाहनांबद्दल सावधगिरीची सूचना अजूनही छापलेली असते.

वेर्ण्याच्या पठारावर तुम्ही ८० ला आहात असं धरा. पुढे एक एसयूव्ही, तीही ८० ला, आणि तुमच्या रडारने तिला धरलेलं आहे. तिच्यापुढे एक ट्रक बंद पडून उभा आहे, मागे दोन दगड आणि झाडाची एक फांदी ठेवलेली. एसयूव्हीवाला ऐनवेळी लेन बदलतो. तुमच्या मीटरवरचं पुढच्या गाडीचं चित्र नाहीसं होतं. यंत्रणेच्या लेखी रस्ता मोकळा झाला. ट्रक मात्र ५० मीटरवर आहे, म्हणजे सव्वादोन सेकंदांवर. कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर ८० वरून थांबायला निव्वळ ब्रेकिंगचेच सुमारे ३० मीटर लागतात. दचकून पाय ब्रेकवर नेण्यासाठी तुमच्याकडे एक सेकंदसुद्धा उरत नाही.

यावर उपाय दोनच: अंतर लांबचं ठेवणं, आणि पुढच्या गाडीच्या काचेतून तिच्याही पुढचा रस्ता वाचत राहणं. पुढे बस किंवा उंच कंटेनर असेल आणि पलीकडचं काहीच दिसत नसेल, तर पाय ब्रेकवर तयार ठेवा किंवा क्रूझ काढा.

वळणं हा दुसरा धोका. रडारचा झोत समोर सरळ जातो. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीची फिरत बघून यंत्रणा पुढचा मार्ग ताडते, पण घट्ट वळणाला तो अंदाज कमी पडतो. कुंकळ्ळी सोडून काणकोणला जाताना करमल घाटात हे डोळ्यांनी बघता येतं. पुढची बस डावीकडे वळली की मीटरवरचं तिचं चित्र विझतं, आणि क्रूझ सेट केलेल्या वेगाकडे जायला इंजिनला जोर लावतं, नेमकं वळणाच्या तोंडावर. पुढच्या क्षणी बस पुन्हा समोर, गाडी कचकन ब्रेक लावते आणि मागचा हॉर्न वाजवतो. त्या घाटात क्रूझ नकोच.

दुचाक्या, विशेषतः रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या, उशिरा पकडल्या जातात. त्यांच्यावरून परत येणारी लहर क्षीण असते आणि त्या लेनच्या मध्यावर नसतात. भाड्याच्या स्कूटरवर फोनचा नकाशा बघत अचानक वळणारे पर्यटक आपल्याकडे बारा महिने असतात. गुरांबद्दल तर यंत्रणेवर अजिबात विसंबू नका. रात्री डांबर उबदार असतं म्हणून ती रस्त्यावरच बसतात, आणि काळी म्हैस हेडलाइटमध्येही उशिरा दिसते. रात्री दिवे नसलेल्या पट्ट्यात मी क्रूझ लावत नाही, साधंही नाही.

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगले की चाकाची पकड जाते. अशा वेळी पाय लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा असतो, आणि क्रूझ नेमका त्याच क्षणी वेग टिकवायला ताकद देत असतं. चाक घसरलेलं ट्रॅक्शन कंट्रोलला कळलं की आधुनिक गाड्या क्रूझ सोडतात, पण घसरल्यानंतर. रडार पावसात बऱ्यापैकी बघतं, कॅमेरा मात्र वायपरच्या फटकाऱ्यांत आणि पुढच्या ट्रकच्या फवाऱ्यात चाचपडतो. जोराच्या सरीत दोन्ही प्रकार बंद ठेवा.

मग लावायचं कुठे?

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे, त्यामुळे गर्दी नसताना तिथे क्रूझ छान चालतं, फक्त उताराला पोचायच्या आधी काढा. नव्या झुआरी पुलावरही तसंच. मडगावच्या पश्चिम बायपासवर आणि धारगळ ते म्हापसा पट्ट्यात रहदारी बघून. फोंडा-पणजी रस्त्यावर बाणस्तारीपासून जुने गोवेपर्यंत लावण्यात काही अर्थ नाही. डिचोली, साखळी, वाळपईकडच्या रस्त्यांवर, विशेषतः खनिजाचे ट्रक चालू असताना, तर विचारच नको. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत कुठेच नको.

खरं सुख गोव्याबाहेर आहे. पत्रादेवी ओलांडून बांदा, कुडाळच्या बाजूला चौपदरी हायवे ६६ वर, किंवा घाट चढून बेळगावला पोचल्यावर कोल्हापूर-पुण्याच्या हायवेवर. लांबच्या प्रवासात उजव्या पायाला आराम मिळतो आणि सपाट रस्त्यावर वेग स्थिर राहिल्याने इंधनही थोडं वाचतं. चढ-उताराच्या रस्त्यावर ही बचत विसरा. चढाला वेग थोडा पडू देणारा सराईत ड्रायव्हर तिथे क्रूझपेक्षा कमी इंधन जाळतो. आणि दुभाजकाला गावापुरती मोकळीक दिसली की पाय ब्रेकवर आणायची सवय लावून घ्या.

रडार आणि कॅमेऱ्याची निगा

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा ओला हार बॉनेटवरून बंपरवर येतो, आणि बऱ्याच गाड्यांत नेमका रडारसमोर लोंबतो. कंपनीच्या चिन्हावर हळद-कुंकवाचा जाड थर बसला तरी तीच अडचण. मीटरवर रडार झाकलं गेल्याची सूचना येते, कधीकधी तीही येत नाही आणि यंत्रणा नुसती उशिरा प्रतिसाद देते. हार आरशांना बांधा किंवा बॉनेटवर वरच्या बाजूला ठेवा, आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी रडारची जागा ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात लाल चिखलाचं पुटंही असंच रोज पुसायला हवं. जाळीसमोर जादा क्रोमची पट्टी, मोठी नंबरप्लेटची चौकट, धातूचा गार्ड बसवू नका. आरशामागच्या काचेवर, कॅमेऱ्यासमोर, स्टिकर नको.

बंपरला धक्का लागून तो उतरवला, पुटी भरून रंगवला किंवा पुढची काच बदलली, की रडारचं किंवा कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची नजर नेमकी सरळ जुळवणं, पुन्हा करावं लागतं. रडार एखाद्या अंशाने तिरकं बसलं तरी शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला सरकते, म्हणजे जवळजवळ शेजारच्या लेनमध्ये. विम्याच्या कामात हे बऱ्याचदा राहून जातं. गाडी ताब्यात घेताना बिलावर कॅलिब्रेशनची ओळ आहे का ते बघा, नसेल तर विचारा आणि झाल्याचा रिपोर्ट मागून घ्या. मग कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ओळखीच्या कुणाची तरी गाडी पुढे ठेवून, ६० च्या वेगाला, सगळ्यात लांबच्या टप्प्यावर, पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून तपासा. पुढच्याने सावकाश वेग कमी केल्यावर तुमची गाडी उशिरा हळू होत असेल, किंवा शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक लावत असेल, तर त्याच दिवशी वर्कशॉपला परत न्या. तोवर क्रूझचं मुख्य बटण बंदच ठेवा.